दोनदा उजाडलेला शनिवार

मंगळवार, २१ मे २०२४. सातारा ते मुंबई

निघताना सासूबाईंनी एकच विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, "बारा." त्या शहाऐंशी वर्षांच्या आहेत. अमेरिका म्हणजे लांब, एवढं त्यांना पुरतं. त्यांनी देवघरातली पितळेची डबी पुढ्यात ओढली, शेजारी चिंचोक्यांची वाटी ठेवली आणि म्हणाल्या, "उद्यापासून रोज सूर्य उगवला की एक चिंचोका टाकीन. बारा झाले की तुम्ही दारात पाहिजे." धाकटी जाऊ त्यांच्याजवळ राहणार होती. तिलाही मी हाच शब्द दिला होता.

मुलगा सिंगापुरात आणि लेक न्यू जर्सीत. लेकीकडे जायचं तर मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमान आहे, पश्चिमेकडून, साधारण साडेबारा हजार किलोमीटरचं. वाटेत मुलाला भेटायचं ठरलं आणि माझ्या डोक्यात दुसराच मार्ग आला. सिंगापूरहून पुढे पूर्वेलाच जायचं, पॅसिफिक ओलांडून न्यूयॉर्क गाठायचं आणि परत येतानाही पूर्वेकडेच तोंड ठेवायचं. म्हणजे साताऱ्याहून निघून, एकदाही मागे न वळता, साताऱ्याला पोचायचं. मी एकतीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवला. दर वर्षी पृथ्वीगोलावर आंतरराष्ट्रीय वाररेषा दाखवायची आणि सांगायचं, "पूर्वेकडे जाताना ही ओलांडली की तोच वार पुन्हा धरायचा." एकतीस वर्षं मुलं मान डोलवत होती. मीही दुसऱ्याचं वाचूनच सांगत होते. ती रेषा एकदा स्वतः ओलांडायची होती. ह्यांना तसं सांगितलं. हे म्हणाले, "मग तसंच जाऊ."

बरोबर एक रेघी वही घेतली. उगवणारा प्रत्येक सूर्य तिच्यात एका रेघेने नोंदवायचा. मनगटावर माझं जुनं, किल्लीचं एचएमटी.

साताऱ्याहून मुंबईच्या विमानतळावर पोचायला गाडीने सहा तास लागले. खंबाटकीला ट्रकांची रांग होती, पुढे लोणावळ्याच्या घाटात तेच. अंतर अडीचशे किलोमीटर. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे सगळीकडे याच्याशीच ताडून पाहत राहिले.

बुधवार, २२ मे. सिंगापूर

रात्री साडेअकराला उडालो आणि सकाळी साडेसातला उतरलो. घड्याळाने आठ तास झाले, पण विमानात बसलो साडेपाचच तास. अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. मधले अडीच तास कुठे गेले ते ह्यांना सांगायची गरज नव्हती, तरी मी सांगितलं. एचएमटीचे काटे अडीच तास पुढे केले. खिडकीतून मलाक्काच्या सामुद्रधुनीवर सूर्य दिसला होता. वहीत पहिली रेघ.

मुलगा घरी होता, कारण इथे व्हेसाकची सुट्टी होती. आपल्याकडे बुद्धपौर्णिमा उद्या, गुरुवारी.

सिंगापूर विषुववृत्तापासून फक्त १३७ किलोमीटर उत्तरेला आहे. इथे दिवस-रात्र वर्षभर जवळजवळ बारा-बारा तासांचे. मग सूर्य सहाला उगवायला हवा. इथे उजाडतं सातला. कारण साधं आहे: शहर आहे १०४ अंश पूर्व रेखावृत्तावर, पण १ जानेवारी १९८२ पासून घड्याळ लावलंय १२० अंशांच्या वेळेवर. घड्याळ सूर्याच्या तासभर पुढे धावतं. मुलगा इथे नऊ वर्षं राहतोय, त्याच्या हे लक्षात आलं नव्हतं. "आई, मला वाटायचं इथली माणसंच उशिरा उठतात," म्हणाला.

दुपारी तो आम्हाला फोर्ट कॅनिंगच्या टेकडीवर घेऊन गेला. तिथे एक खांब आहे आणि त्यावर मोठा गोळा. हा जुन्या टाइम बॉलचा नमुना. पूर्वी गोळा खांबावर चढवून रोज दुपारी ठीक एकला खाली सोडत. बंदरातल्या जहाजांवरचे खलाशी दुर्बिणीतून तो क्षण टिपत आणि आपली घड्याळं जुळवत. समुद्रात अक्षांश सूर्य-ताऱ्यांवरून काढता येतो, पण रेखांशासाठी बिनचूक घड्याळ लागतं. एका अंशाला चार मिनिटं. घड्याळ चार मिनिटं चुकलं तर विषुववृत्तावर जहाज १११ किलोमीटर भलतीकडे. हे मी फळ्यावर शंभरदा लिहिलंय. त्या खांबाखाली उभी राहिले तेव्हा मात्र माझ्या अंगावर काटा आला.

गुरुवार, २३ मे

नातवाला पृथ्वीगोल आणि शिवणाचा दोरा घेऊन जेवणाच्या टेबलावर बसवलं. दोऱ्याचं एक टोक सिंगापूरवर, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणायचा. तो पॅसिफिककडे जाईल असं त्याला वाटत होतं. दोरा सरळ वर चढला आणि चीन, मंगोलिया, सायबेरिया करत उत्तर ध्रुवाला लागून पलीकडे उतरला. मुलगा आणि सूनही उठून बघायला आले.

का, ते कागदावर केलं. चांगी विमानतळ १०४ अंश पूर्वेला. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ७३ अंश ४७ मिनिटं पश्चिमेला, म्हणजे धरा ७४. दोन्हींची बेरीज १७८. ती १८० असती तर दोन्ही ठिकाणं पृथ्वीच्या अगदी समोरासमोरच्या रेखावृत्तांवर आली असती आणि त्यांच्यातली जवळची वाट नेमकी ध्रुवावरून गेली असती. दोन अंशांचाच फरक, म्हणून वाट ध्रुवाजवळून जाते. मग अंतर काढणं आठवीच्या मुलाचं काम. सिंगापूरहून ध्रुवापर्यंत ८८.६ अंश, ध्रुवाहून न्यूयॉर्कपर्यंत ४९.४ अंश, एकूण १३८. गुणिले १११. उत्तर १५,३१८ किलोमीटर. विमान कंपन्यांच्या तक्त्यात हे अंतर सुमारे १५,३५० आहे. पेन्सिल आणि पाढ्यांवर तीसेक किलोमीटरची चूक आली. म्हणजे सातारा ते मेढ्याच्या आसपास.

नातवाने विचारलं, "मग आजी, उद्या तुम्ही ध्रुवावरून जाणार?" नाही. त्याचं उत्तर शनिवारी विमानात मिळालं.

रात्री गच्चीवर ध्रुवतारा शोधला. तो इथे जवळजवळ क्षितिजालाच टेकलेला असतो, त्यामुळे इमारती आणि धुरकट हवेत दिसण्याची आशाच नको. साताऱ्यात तो अजिंक्यताऱ्याच्या बाजूने साडेसतरा अंशांवर दिसतो. जितका अक्षांश, तितकी ध्रुवताऱ्याची उंची.

शुक्रवार, २४ मे

दिवस भरण्यात गेला. सूनबाईने ह्यांच्यासाठी राजगिऱ्याच्या वड्या आणि केळी बांधून दिली. ह्यांचा शनिवारचा उपास असतो, मारुतीचा, चाळीस वर्षं. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत धान्य नाही, मावळल्यावर जेवण. विमान रात्री एकच्या सुमाराचं, म्हणजे चढायचं तेच शनिवारी. मला हा पेच आधीच दिसत होता. ह्यांना सांगितला नाही. वेळ आली की बघू, म्हटलं.

चांगीला जेवून घेतलं आणि विमानात बसलो. हे विमान खास याच कामासाठी बनवलेलं आहे: एअरबस ए-३५० ची अतिदूर पल्ल्याची जात. एरवी या आकाराच्या विमानात तीनशेच्या वर माणसं बसतात. इथे जागा १६१. साधा वर्ग नाहीच. कारण इंधन. याच्या टाक्यांत १,६५,००० लिटर इंधन मावतं आणि पल्ला १८,००० किलोमीटरचा आहे. एवढं इंधन उचलायचं तर माणसं आणि सामान कमी करावं लागतं. लांबच्या वाटेचं गणित अवघड होतं ते इथे: जितकं दूर जायचं तितकं जास्त इंधन, आणि सुरुवातीच्या तासांतलं बरंचसं इंधन हे पुढच्या तासांचं इंधन वाहून नेण्यातच जळतं. सिंगापूर ते न्यूयॉर्कच्या बाजूच्या नेवार्कपर्यंत थेट विमान २००४ मध्ये सुरू झालं होतं, चार इंजिनांचं. ते फार इंधन खायचं, म्हणून २०१३ मध्ये बंद केलं. दोन इंजिनांचं हे नवं विमान आल्यावर २०१८ च्या ऑक्टोबरात ती सेवा परत सुरू झाली आणि केनेडी विमानतळापर्यंतची नोव्हेंबर २०२० मध्ये. पुष्कळ वर्षं जगातली सर्वांत लांब नियमित विमानसेवा म्हणून हिचं नाव घेतलं जातंय.

डावीकडची खिडकी मी मागून घेतली होती. आपण बहुतेक वेळ पूर्वेला जाणार, तर डावीकडे उत्तर.

शनिवार, २५ मे. पहिल्यांदा

एक वाजून दहा मिनिटांनी चाकं सुटली. न्यूयॉर्कची वेळ या दिवसांत सिंगापूरच्या बरोबर बारा तास मागे असते, त्यामुळे काट्यांच्या घड्याळाला हात लावावा लागत नाही. बारा तास फिरवा की न फिरवा, तबकडीवर तेच. एचएमटी तसंच ठेवलं. या प्रवासात ते मला सिंगापूरचीही वेळ सांगत होतं आणि न्यूयॉर्कचीही.

झोप आली नाही. पावणेपाचला पंखाचं टोक राखाडी झालं, मग गुलाबी. पडद्यावर खाली लुझॉन आणि तैवान यांच्या पूर्वेचा समुद्र दिसत होता. आम्ही ईशान्येला चाललो होतो, सूर्य जवळजवळ नाकासमोर, म्हणून त्याचं बिंब माझ्या खिडकीतून दिसलं नाही. पण पंख लखलखला आणि ढगांच्या कडा पेटल्या, एवढं पुरे. रेघ मारली. ही चौथी. ह्यांनी डोळे उघडून हात जोडले, मारुतीस्तोत्र पुटपुटले आणि उपास सुरू झाला.

तासा-दीड तासाने जपान डावीकडे राहिलं आणि पडद्यावरचा वेग चढायला लागला. ९२०, ९६०, मग हजाराच्या वर. इंजिनांनी काही जास्त केलेलं नव्हतं. आम्ही झोतवाऱ्यात शिरलो होतो. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारी ही वाऱ्याची नदी. विमान हवेच्या मानाने आपल्याच वेगाने जातं, पण ती हवाच पुढे सरकत असते आणि विमानाला कडेवर घेऊन जाते. हे वारे नेमके इथे, जपानवर, १९२० च्या दशकात वासाबुरो ओइशी नावाच्या हवामानतज्ज्ञाने मोजले होते. तो ताटेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडायचा आणि ते किती वेगाने कुठे जातात ते दुर्बिणीतून बघायचा. जगाने वाचावं म्हणून त्याने अहवाल एस्परांतो या साऱ्या जगासाठी मुद्दाम रचलेल्या भाषेत छापला. ती भाषा येणारी माणसं मोजकीच, त्यामुळे तो फारसा कुणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात वैमानिक त्याच वाऱ्याला धडकले, तेव्हा जगाला ते समजले. खिडकीला नाक लावून मी त्या न दिसणाऱ्या नदीकडे किती वेळ बघत बसले.

नातवाच्या प्रश्नाचं उत्तर हेच. दोरा दाखवतो ती वाट पंधरा हजारांची, पण ध्रुवाकडे असा पाठीवरचा वारा नाही. शिवाय युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून अनेक कंपन्या रशियावरून उडत नाहीत. ध्रुवाजवळ काही बिघडलं तर उतरायला विमानतळही मोजकेच. म्हणून वैमानिक जास्त लांबीची वाट घेतात. आमच्या पडद्यावर शेवटी १६,७०० च्या वर किलोमीटर झाले. म्हणजे दोऱ्यापेक्षा साडेतेराशे जास्त. तरी ते फायद्याचं. मुलांना मी 'दोन ठिकाणांमधलं कमीत कमी अंतर म्हणजे बृहद्वृत्त' एवढंच शिकवलं. वाऱ्याचं शिकवायचं राहून गेलं.

शुक्रवार, २४ मे. पुन्हा

घड्याळात दहा वाजून गेले. बाहेर लख्ख ऊन, खाली ढगांची गादी, समुद्राचा पत्ता नाही. पडद्यावरच्या नकाशात छोटं विमान एका तुटक रेषेकडे सरकत होतं. ह्यांना हलवून उठवलं.

ही रेषा कुठल्याच तहाने ठरलेली नाही. १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रीनिच शून्य ठरलं, तेव्हा त्याच्या बरोबर पाठीमागे १८० अंशांवर वार बदलणार हे ओघानेच आलं. पण रेषा नेमकी कुठून वळवायची ते ज्या त्या देशाने आपल्या सोयीने ठरवलं. किरिबाटीची बेटं रेषेच्या दोन्ही अंगांना पसरलेली होती, म्हणजे एकाच देशात दोन वार. त्यांनी १९९५ च्या सुरुवातीला रेषेला मोठा पूर्वेकडचा फुगवटा दिला आणि सगळा देश एका वारात आणला. सामोआचा व्यापार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी, आणि वार मात्र अमेरिकेचा. तिथे २०११ मध्ये २९ डिसेंबरच्या गुरुवारनंतर थेट ३१ चा शनिवार आला. त्या देशात एक शुक्रवार उगवलाच नाही.

आमच्याकडे शुक्रवार परत आला. विमान रेषेच्या पलीकडे गेलं. काहीच झालं नाही. धक्का नाही, आवाज नाही, आसपासची माणसं झोपलेली. आणि मला मात्र वर्गातला खडूचा वास आला. निळा पृथ्वीगोल, त्याचं खिळखिळं झालेलं लाकडी बूड, दुसऱ्या बाकावरून नेहमी "पण बाई, मग तो दिवस जातो कुठे?" असं विचारणारं कुणीतरी. डोळे भरून आले. ह्यांनी काही न विचारता हातावर हात ठेवला.

थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे आता शुक्रवार आहे?"

"हो. दुपार झालीय शुक्रवारची."

ह्यांनी जरा विचार केला. "शनिवारी सूर्य उगवला तेव्हा मी उपास धरला, तो खरा. पण आज शुक्रवार असेल तर शुक्रवारी उपाशी राहायचं कारण नाही. उद्या शनिवार परत उगवेल, तेव्हा परत धरीन." आणि त्यांनी जेवण मागवलं. भात, वाटाण्याची उसळ, एक पोळी. मी एवढा घोर लावून घेतला होता आणि ह्यांनी तो एका वाक्यात सोडवला. शास्त्राला धरून आहे की नाही ते मी सांगू शकत नाही. वाररेषेला धरून नक्की आहे.

दीडच्या सुमाराला, अलास्काच्या दक्षिण टोकाजवळ, डाव्या खिडकीत मागच्या बाजूला सूर्य मावळला. हा शुक्रवारचा सूर्यास्त. शुक्रवारचा एक सूर्यास्त काल मुलाच्या गच्चीतून पाहिलाच होता. मधला दिवस पावणेनऊ तासांत संपला होता, कारण आम्ही सूर्याला सामोरे पळत होतो.

त्यानंतर जे दिसलं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. रात्र झाली, पण उत्तरेची कड काळी झाली नाही. एक नारिंगी पट्टी, भाताच्या पेजेवर तूप पसरावं तशी, क्षितिजावर तशीच राहिली. मे महिना सरत आलेला आणि आम्ही ५६-५७ अंश उत्तरेला. तिथे सूर्य क्षितिजाखाली फार खोल जातच नाही, नुसता उत्तरेच्या बाजूने सरकत सरकत पूर्वेला येतो. ती पट्टी डावीकडून उजवीकडे माझ्या डोळ्यांदेखत सरकली. खाली कॅनडा, काळाकुट्ट, शेकडो किलोमीटर एक दिवा नाही.

शनिवार, २५ मे. दुसऱ्यांदा

सव्वापाचला पट्टीतून बिंब वर आलं. खाली सुपीरियर सरोवर असावं, कारण उजेड पाण्यावरून परत येत होता. पहिलं उजाडणं पावणेपाचला, हे सव्वापाचला, मध्ये साडेबारा तास. दोन्ही २५ मेचे, दोन्ही शनिवारचे. वहीत पाचवी रेघ ओढताना हात थरथरला.

दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडल्यावर ऑस्ट्रेलियाचा आशियाशी हवाई रस्ता तुटला होता. तेव्हा १९४३ ते १९४५ या काळात पर्थहून श्रीलंकेतल्या कोग्गला सरोवरापर्यंत कॅटलिना नावाची पाण्यावर उतरणारी विमानं चालवत. ती इतकी हळू, की एका उड्डाणाला २७ ते ३३ तास लागत. रेडिओ बंद ठेवून, ताऱ्यांवरून वाट काढत जायचं. वाटेत प्रवाशांना दोन सूर्योदय दिसत, आणि उतरल्यावर 'डबल सनराइज' मंडळाचं प्रमाणपत्र मिळे. त्यांना दोन सूर्योदय दिसले ते विमान मंद होतं म्हणून. आम्हाला दिसले ते सूर्याला सामोरे धावलो म्हणून.

ह्यांनी पुन्हा हात जोडले आणि दुसऱ्यांदा शनिवार धरला.

सातला केनेडी विमानतळावर टेकलो. सतरा तास पन्नास मिनिटं. सातारा-मुंबईच्या हिशेबाने तीन फेऱ्या. लेक बाहेर उभी होती. पाय सुजले होते, कान बधिर, तरी तिला म्हटलं, "अगं, आज दोनदा उजाडलं." ती म्हणाली, "आई, आधी चहा घे."

संध्याकाळी सव्वाआठला लेकीच्या गावी, एडिसनमध्ये, सूर्य मावळला आणि ह्यांच्या पानात वरणभात पडला.

रविवार, २६ मे ते शुक्रवार, ३१ मे. न्यू जर्सी

दुपारी तीनला डोळे मिटायचे आणि रात्री दोनला टक्क उघडायचे. चार दिवस असेच.

रविवारी संकष्टी होती. साताऱ्याला चंद्रोदय दहाच्या पुढे असतो, तो झालाही होता. सासूबाईंनी जाऊला फोनवरून "इकडे सुटली" म्हणून कळवायला लावलं, तेव्हा आमची दुपारच चालू होती. आम्हाला अकरा वाजून गेले तरी शेजारच्या छपरामागून चंद्र येईना. तिथी साऱ्या जगाला एकच, चंद्र उगवायची वेळ ज्याची त्याची.

सोमवारी इथे मेमोरियल डेची सुट्टी. बुधवारी लेकीने संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात नेलं. तिथल्या मोठ्या दालनात फुकोचा लंबक टांगलेला आहे, नेदरलँड्सने १९५५ मध्ये भेट दिलेला. सोनेरी मुलाम्याचा, नव्वद किलोच्या आसपासचा गोळा, लांब तारेला. तो एकाच रेषेत झुलतो, खालची पृथ्वी फिरते, म्हणून बघणाऱ्याला झुलण्याची रेषा हळूहळू वळलेली दिसते. न्यूयॉर्कच्या अक्षांशावर एक पूर्ण फेरा व्हायला सुमारे पावणेसदतीस तास लागतात. ध्रुवावर चोवीस लागतील. आणि मुलाच्या सिंगापुरात, विषुववृत्ताजवळ, रेषा जवळजवळ वळणारच नाही. मार्गदर्शक मुलगी गटाला पुढे बोलवत होती. मी आणखी पाच मिनिटं मागितली, तिने दिली.

लेकीच्या भिंतीवर नकाशा आहे. त्यावर एक गोष्ट इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसली. सातारा ७४ अंश पूर्वेला, न्यूयॉर्क शहर ७४ अंश पश्चिमेला. ग्रीनिचच्या रेषेवर कागद दुमडला तर दोन्ही एकाच उभ्या रेघेवर येतील. लेक बघत राहिली. मग तिने पेन्सिलीने दोन टिंबं केली.

मागच्या अंगणात ध्रुवतारा चाळीस अंशांवर होता. मान बरीच वर करावी लागली.

शनिवार, १ जून, आणि रविवार, २ जून. न्यूयॉर्क ते मुंबई

दुपारी साडेबाराचं विमान, थेट मुंबई. उपास सकाळीच धरला होता. आणि हा शनिवार भलताच आखूड निघाला. उडाल्यापासून पाच तासांच्या आतच आयर्लंडच्या अलीकडे अटलांटिकवर सूर्य बुडाला, आणि ह्यांना जेवायला मिळालं. गेल्या आठवड्यात दोन शनिवार पुरवले, या आठवड्यात अर्धाच वाट्याला आला. चार-साडेचार तासांत रात्र संपली आणि तुर्कस्तानच्या आसपास रविवार उजाडला. वहीत शेवटची रेघ.

मी रेघा मोजल्या. तेरा. पुन्हा मोजल्या. २२ मे ते २ जून हे दिवस बारा.

मॅजेलनच्या ताफ्यातलं 'व्हिक्टोरिया' जहाज १५२२ मध्ये पृथ्वीला फेरी घालून परतत होतं. पिगाफेट्टा नावाच्या प्रवाशाने रोजची नोंद एक दिवसही न चुकता ठेवली होती. केप व्हर्डे बेटांवर उतरलेल्या माणसांनी विचारून पाहिलं, तर तिथे गुरुवार आणि यांच्या वहीत बुधवार. तो हबकला होता. ते पश्चिमेकडून गेले, त्यांचा एक दिवस कमी पडला. आम्ही पूर्वेकडून गेलो, आमचा एक वाढला.

वाढला म्हणजे फुकट नाही. एचएमटीचा हिशेब लिहून बघितला. सिंगापूरला काटे अडीच तास पुढे. न्यूयॉर्कला बारा तास पुढे, तबकडीवर दिसले नाहीत तरी; वाररेषेवर एक दिवस मागे आलो, म्हणून तिथली वेळ बारा तास मागे म्हणतात एवढंच. मुंबईला साडेनऊ तास पुढे. अडीच, बारा, साडेनऊ: चोवीस. म्हणजे तेरावा सूर्य आम्ही आमच्याच बारा दिवसांतून चिमूट-चिमूट काढून भरला होता. अंतर तिन्ही उड्डाणांचं मिळून, तक्त्यांतल्या सरळ मापाने, ३१,८०० किलोमीटरच्या आसपास. विमानात बसून घालवलेले तास साडेसदतीस.

मुंबईत सव्वाबाराला उतरलो. साताऱ्याला पोचेपर्यंत सात वाजले, खंबाटकीला पुन्हा रांग.

सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. डबी मांडीवर. "बारा झाले बघ," म्हणाल्या आणि चिंचोके पदरात ओतून दाखवले. मी पाया पडले आणि वही उघडून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा लावला, एकेका रेघेवर बोट ठेवत मोजलं. परत पहिल्यापासून मोजलं.

"एक जादा हाय."

"हो, आई."

"ह्यो कुठनं आणलास?"

मी स्वयंपाकघरातून एक नारळ आणला, त्यावर हळदीचं एक बोट लावलं, म्हणजे सातारा. जाऊने ओसरीवरचा दिवा घालवला. देवघरातली समई उचलून मी मध्ये ठेवली, सासूबाईंना जवळ सरकायला सांगितलं आणि नारळ हळूहळू फिरवायला घेतला.